सिद्धांत, नग एक

इतिहास विभागात तो तक्ता सोमवारी सकाळी आला आणि विभागप्रमुखांनी तो चहा संपायच्या आत भरून परतही पाठवला. विद्यापीठात आलेला कागद आधी चार दिवस पडू द्यायचा, म्हणजे त्यातले निम्मे प्रश्न आपोआप रद्द होतात, हा तिथला जुना शहाणपणा. त्या दिवशी तो सोडला आणि पुढचा सगळा घोळ त्या घाईतून झाला.

विभागप्रमुखांना सगळे तारीखसर म्हणत. कुणी सहज "सर, बरे आहात ना?" म्हटलं तरी "कधीपासून, ते आधी विचार," असं ते म्हणायचे. उभी हयात त्यांनी शहरातल्या विहिरींचा इतिहास लिहिण्यात घालवली होती. कुठली विहीर कुणी खणली, कुणी बुजवली, पाण्यावरून कोणाचं घराणं कोणाच्या घराण्याशी किती पिढ्या बोलत नव्हतं, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या घरातला नळ मात्र गळतच होता. माणूस स्वभावानं इतका मऊ, की एखाद्या पोराला नापास करायची वेळ आली तर आदल्या दिवशीपासून यांचंच पोट बिघडायचं.

विभागात दुसरं माणूस एकच, छोट्या मॅडम. सरांचीच एके काळची विद्यार्थिनी. सहा वर्षं ती तात्पुरत्या नेमणुकीवर होती. दर वर्षी सत्र संपलं की पद राहणार की जाणार याची टांगती तलवार, आणि दर वर्षी शेवटच्या दिवशी 'मुदतवाढ' असा एका ओळीचा निरोप, तोही तोंडी. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी शाळेत. स्वतःचे तास, सरांचे तास, सरांची टिपणं, सरांची दप्तरं, सगळं सांभाळून ती स्वतःचं संशोधन करायची. विषय होता शहरातल्या जुन्या सुईणी. कामाला वाघ आणि बोलायला गरीब गाय, असं तिच्याबद्दल सगळे कौतुकानं म्हणत. गाईला विचारायची पद्धत नसते, तसं तिला कुणी कधी काही विचारलं नाही.

आता तक्त्याबद्दल. विद्यापीठ वर्षातून एकदा आपली टेबलं, खुर्च्या, कपाटं मोजतं. याला डेडस्टॉक तपासणी म्हणतात. दुसरीकडे, संशोधनाची माहितीही वर्षातून एकदा मागवतात. यंदा कुलसचिवांच्या कार्यालयानं कागद वाचवण्याची मोहीम काढली आणि दोन्ही तक्ते एकात एक घातले. त्यामुळे टेबल, खुर्ची, कपाट, पंखा यांच्या खालीच एक ओळ आली: 'संशोधनात वापरात असलेले सिद्धांत'. पुढे रकाने नेहमीचेच. नग किती, कधी आणले, कोणाकडून, सद्यस्थिती काय: चालू, दुरुस्तीयोग्य की निर्लेखित. निर्लेखित म्हणजे कचेरीच्या भाषेत भंगारात काढलेलं.

एवढ्या मोठ्या विद्यापीठात, एवढ्या विद्वानांत, कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. प्राध्यापक माणूस रकाना दिसला की भरतो. भौतिकशास्त्रानं लिहिलं, "नग दोन. दोन्ही चालू, मात्र एका खोलीत ठेवता येत नाहीत." प्राणिशास्त्रानं लिहिलं, "नग एक. जुना आहे, पण सगळं घर त्याच्यावरच चालतं." अर्थशास्त्रानं लिहिलं, "नग सतरा. सर्व चालू, माणसं शहाण्यासारखी वागल्यास." गणितवाल्यांनी तक्ता कोराच परत केला. सोबत शेरा होता, "आमच्याकडे सिद्धता असतात. त्या बिघडत नाहीत. कृपया पुन्हा विचारू नये."

आणि तारीखसरांनी पेन उचललं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: "निरंक", म्हणजे काहीच नाही.

"सर," छोट्या मॅडम हळूच म्हणाल्या, "निरंक लिहायचं का?"

"मग काय लिहायचं? आपण इतिहासवाले. दप्तर उघडायचं, सापडेल ते सांगायचं. ज्यांना दप्तरातली धूळ सोसत नाही त्यांना सिद्धांत लागतात."

"तसं नाही, पण बाकीचे विभाग…"

"अगं, खोटं कसं लिहू? इतिहासात खोटं लिहिलं की दोनशे वर्षांनी का होईना, कुणीतरी पकडतंच."

तिच्या ओठांवर आणखी काहीतरी आलं होतं. पण सहा वर्षांची सवय. "बरं, सर," म्हणून ती तासाला निघून गेली.

दोनशे वर्षं थांबावं लागलं नाही. गुरुवारीच कुलसचिवांचं पत्र आलं. 'आपल्या विभागाकडे संशोधनाचे साधनच नसल्याचे आपण कळविले आहे. साधनाविना मनुष्यबळ ठेवणे हा अपव्यय होय. सबब, आपल्याकडील तात्पुरते पद अर्थशास्त्र विभागाकडे (सिद्धांत: नग सतरा) वर्ग करण्याचे योजिले आहे. सोमवारी प्रत्यक्ष पडताळणी होईल.'

सरांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, जणू काच स्वच्छ झाली की मजकूर बदलणार होता. छोट्या मॅडमनी एकदाच वाचलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं.

"अर्थशास्त्रात मला कोण ठेवून घेणार, सर?" ती म्हणाली. "त्यांना आकडेमोड करणारं माणूस लागतं. म्हणजे हे पद गेलंच."

"मी बघतो," सर म्हणाले. हे दोन शब्द सर वर्षातून पुष्कळदा म्हणायचे. पण या वेळी ते खरंच उठले, छत्री घ्यायला विसरले आणि तडक भांडारात गेले.

भांडाराच्या दारात टेम्पो उभा होता आणि एक भंगारवाला भांडारबाबूंशी हुज्जत घालत होता. मानसशास्त्र विभागानं आपले बारा सिद्धांत निर्लेखित दाखवले होते, आणि निर्लेखित मालाची यादी नियमाप्रमाणे परस्पर भंगारवाल्याकडे गेली होती.

"बारा नग लिहिलंय," भंगारवाला म्हणत होता. "लोखंडी आहेत का?"

"कागदी असावेत," भांडारबाबू म्हणाले.

"मग टेम्पो कशाला आणायला लावला? सायकलवर नेले असते!"

मानसशास्त्राचे प्रमुख कडेला उभे होते, जुनी सायकल विकताना माणूस उभा राहतो तसे. "न्या हो," ते म्हणाले, "पण तो लहानपणाबद्दलचा तेवढा राहू द्या. अधूनमधून लागतो."

तारीखसरांनी भांडारबाबूंना बाजूला घेतलं. "आमचं ते निरंक आहे ना, ते जरा खोडता येईल का?"

"खोडाखोड चालत नाही, सर. पण नग वाढवता येतात. नवीन आणा, नाहीतर उसने आणा."

"सिद्धांत उसना आणू?"

"का? मागे रसायनवाल्यांनी जीवशास्त्राचा फ्रीज नाही का नेला? तसंच. पावती केली की झालं. सोमवारी मात्र वस्तू जागेवर दिसली पाहिजे. तपासनीसबाई येणार आहेत, मुख्य लेखा कार्यालयातून. फार कडक आहेत. मागच्या वेळी त्यांनी ग्रंथपालांना शिडीवर चढून शिडी मोजायला लावली होती."

मग सर उसनवारीला निघाले. आयुष्यात कधी शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला न गेलेला माणूस आता विभागाविभागांतून सिद्धांत मागत फिरू लागला. आधी गेले भौतिकशास्त्रात. तिथले प्रमुख फळ्यासमोर उभे होते. फळ्यावरचं समीकरण तपासणीसाठी कुणी पुसू नये म्हणून त्याभोवती चौकोन आखला होता.

"खुशाल न्या," प्रमुख मोठ्या मनानं म्हणाले. "मोठा हवा की बारीक? दोन्ही नेऊ नका, भांडतात. पण एक अट आहे हं. सिद्धांत घेतला की उद्या काय होणार ते सांगता आलं पाहिजे. चुकलं, की सिद्धांत टाकून द्यायचा. एवढा साधा व्यवहार."

"उद्याचं?" सर कसनुसं हसले. "अहो, काल काय झालं तेच मला अजून नीट लागलेलं नाही."

"मग अवघड आहे," प्रमुख म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी दया दिसली ती सरांच्या जिव्हारी लागली.

साहित्य विभागातल्या बाई मात्र खुल्या दिलाच्या. त्यांच्याकडे सिद्धांतांची कपाटंच्या कपाटं होती, बहुतेक परदेशी. "कितीही न्या!" बाई म्हणाल्या. "एकदा का हा वाचलात, की तुम्हाला विहिरीत पाणी दिसणारच नाही."

"मग काय दिसेल?"

"सत्ता."

सर जरा विचारात पडले. "पण मला पाणी काढायचं असलं तर?"

"पाणी काढणारे तुम्ही कोण, हाच तर खरा प्रश्न आहे!"

सरांनी बाईंनी दिलेला पुस्तकाचा ठोकळा काखेत मारला, पावतीवर सही केली आणि घरी आले. शनिवारभर त्यांनी तो वाचला. संध्याकाळपर्यंत पंधरा पानं झाली होती आणि सरांना विहीर, पाणी, दोर, पोहरा यांपैकी कशाचीच खात्री उरली नव्हती. जेवताना त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे इतक्या संशयानं पाहिलं की बायकोनं तो उचलून पुन्हा घासून आणला.

रविवारी सकाळी बायको कपाट आवरायला बसली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला पसारा आणि पाल्हाळ दोन्ही सहन होत नसे. "अहो, वरच्या मजल्यावरच्यांशी आपली पाण्याच्या टाकीची फाइल एवढी जाडजूड आहे," ती म्हणाली, "आणि खालच्यांशी तीच टाकी सामाईक आहे, तर एक चिठोरासुद्धा नाही. हरवली का कुठे?"

"हरवेल कशी?" सर ठोकळ्यातून मान वर न काढता म्हणाले. "खालच्यांशी आपलं पटतं. जिथं भांडण नाही तिथं कागद नाही."

"हे तुम्ही लग्न झाल्यापासून म्हणताय."

"कारण ते खरंच आहे. मी अख्ख्या शहराचं दप्तर चाळलं. ज्या विहिरीवर तंटा झाला तिचे कागद ढीगभर. जिथं लोक गुण्यागोविंदानं पाणी भरत होते, तिचं नावही सापडत नाही. माणूस सुखात असला की लिहीत बसत नाही. म्हणून मी आधी भांडणं शोधतो, विहीर आपोआप सापडते."

बायकोनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग परवापासून दारोदार कशाला फिरताय? हाच की तुमचा सिद्धांत!"

"छे! हा नुसता अनुभव."

"एकच वाक्य सगळ्या विहिरींना लागू पडतं, ते आधी धरून तुम्ही शोधायला निघता, आणि दर वेळी सापडतं. आमच्याकडे पोरांनी एवढं केलं तर आम्ही पैकीच्या पैकी देतो."

सरांनी ठोकळा मिटला. आपण आयुष्यभर सिद्धांत बाळगून होतो आणि आपल्यालाच पत्ता नव्हता, याचा त्यांना आनंदही झाला आणि थोडी लाजही वाटली.

"आणि एक आत्ता कळलं," बायको कपाटाकडे बघत म्हणाली. "आपल्या घरात एवढे कागद का आहेत ते."

सोमवारी सर नवा सदरा घालून आले. छोट्या मॅडमना त्यांनी येता येताच सांगितलं, "काळजी करू नकोस. सिद्धांत सापडला. घरातच होता." तिनं सगळं ऐकून घेतलं. 'जिथं भांडण नाही तिथं कागद नाही' हे वाक्य तिनं एकदा ओठांतल्या ओठांत म्हटलं आणि ती गप्प झाली. सरांना वाटलं, आनंदानं शब्द फुटत नसेल.

अकराच्या सुमारास तपासनीसबाई आल्या. नाकावर चष्मा, कानावर पेन्सिल. मागे भांडारबाबू, त्यांच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक कुंचला, कारण मोजलेल्या प्रत्येक वस्तूवर क्रमांक टाकायचा असतो. खुर्च्यांवर टाकून झाले, कपाटावर झाला, पंखा लावून बघितला, बंद करून बघितला.

"सिद्धांत," बाई म्हणाल्या. "तक्त्यात निरंक आहे."

"काल सापडला," सर म्हणाले. "नग एक."

"कुठाय?"

सरांनी सांगितला. भांडारबाबू कुंचला हातात धरून खोलीभर बघू लागले. "क्रमांक कुठे टाकू, सर?"

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "आधी चालवून दाखवा."

याची सरांनी तयारी केली नव्हती, पण गळ्याशी आलं की भल्याभल्यांना सुचतं. "बाई, तुमच्या घरी एखाद्या वस्तूचे पुष्कळ कागद आहेत का?"

"आहेत. गावाकडच्या घराचे."

"वाद कोणाशी?"

बाईंनी चष्मा सारखा केला. "धाकट्या दिराशी. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. आणि असं काही, की वर्षानुवर्षं वापरताय पण कागदच नाही?"

"माझ्या बहिणीच्या घराची एक खोली. सामान आमचंच असतं तिथं. कधी लिहून घ्यायचं डोक्यातच आलं नाही."

"बहिणीशी पटतं?"

"जिवाला जीव आहे," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा किंचित हसल्या. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी तक्त्यात 'चालू' लिहिलं. "चालतोय. आणि याच्यावर काम काय केलंत?"

"शहरातल्या विहिरी. सगळ्या झाल्या," सर अभिमानानं म्हणाले. "पुस्तकही निघालं."

"म्हणजे साधन चालू, काम पूर्ण." बाईंनी तक्त्यावर रेघ ओढली. "मग दुसरं पद हवं कशाला? साधन नव्हतं तेव्हा माणूस जास्तीचा होता, साधन चालतंय म्हटल्यावर तर नक्कीच जास्तीचा. पद वर्ग करण्याची शिफारस कायम."

सरांचा चेहरा उतरला. 'मी बघतो' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण काय बघणार तेच त्यांना कळेना. भांडारबाबूंनी सहानुभूतीनं डब्याचं झाकण लावलं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"चालत नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. छोट्या मॅडम उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा आवाज इतका मोठा असू शकतो हे त्या खोलीतल्या खुर्च्यांनाही ठाऊक नव्हतं.

"काय चालत नाही?" बाईंनी विचारलं.

"सरांचा सिद्धांत. विहिरींना चालतो, माणसांना चालत नाही."

"अगं," सर गडबडले, "आत्ताच तर चालला! बाईंच्या दिराला…"

"दिराला चालणारच, सर. दीर भांडू शकतो. मी सहा वर्षं सुईणी शोधतेय. अर्धं शहर त्यांच्या हातावर जन्माला आलं, आणि त्यांचा एक कागद सापडत नाही. एक तक्रार नाही, एक अर्ज नाही. तुमच्या सिद्धांतानं बघितलं तर त्यांचं सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. तसं होतं का? त्या भांडणार कुणाशी होत्या? ज्याचं कुणी ऐकून घेतं तोच भांडतो. ज्याचं ऐकायलाच कुणी नसतं तो गप्प बसतो, आणि तुम्ही त्याला सुखी म्हणता!"

"मी सुखी म्हटलं नाही," सर म्हणाले. त्यांचाही आवाज नकळत चढला. "मी म्हटलं, कागद नाही! कागदाशिवाय मी काय सांगू? मनानं रचून सांगू?"

"रचू नका. पण कागद का नाही, एवढं तरी विचाराल की नाही? तुम्ही तीस वर्षं मोकळ्या जागा ओलांडून पुढं गेलात, सर."

"ओलांडून नाही! पुराव्याअभावी थांबलो!"

"एकच झालं ते! बरं, सुईणी राहू द्या. मी सहा वर्षं या खोलीत आहे. या कपाटात माझ्या नावाचा एक कागद दाखवा. नेमणुकीचा आदेश नाही, मुदतवाढ तोंडी. का नाही? कारण मी कधी भांडले नाही. मग तुमच्या हिशेबानं मी सुखात आहे!"

सरांनी काहीतरी बोलायला म्हणून हात वर केला होता, तो तसाच राहिला. हे आपल्याला सहा वर्षांत एकदाही दिसू नये, याचं त्यांना आतून फार वाईट वाटलं.

तपासनीसबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "पंखा फिरतो, पण अर्ध्याच खोलीला वारा लागतो. असंच ना?"

"असंच," छोट्या मॅडम म्हणाल्या.

बाईंनी रबर काढलं, 'चालू' खोडलं आणि पुढच्या रकान्यात खूण केली. "दुरुस्तीयोग्य. बाबू, दुरुस्तीयोग्य वस्तूचा नियम काय?"

भांडारबाबूंनी नियम घडाघडा म्हटला, "वस्तू दुरुस्त होईपर्यंत दुरुस्ती करणारी व्यक्ती त्या विभागातून हलवता येत नाही."

"दुरुस्ती कोण करणार?"

सरांनी छोट्या मॅडमकडे बोट दाखवलं. "ही. माझ्यानं होणार नाही. बिघाड हिलाच सापडलाय."

"काळ किती लागेल?"

"ते सांगता येत नाही, बाई," सर म्हणाले. "एका ठिकाणी नीट केलं की दुसरीकडं फाटतं. आमच्या धंद्यात अख्खी नोकरी जाते यात."

"मग तात्पुरतं पद कसं चालेल?" बाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि शेऱ्यात काहीतरी बराच वेळ लिहीत राहिल्या. भांडारबाबूंनी क्रमांक अखेर दाराच्या चौकटीवर टाकला, सिद्धांत या खोलीबाहेर जाऊ नये म्हणून.

अशा गोष्टी विद्यापीठात वाऱ्याआधी पोचतात. दुपारपर्यंत भांडारापुढं ही रांग! सगळ्यात पुढं भौतिकशास्त्राचे प्रमुख. "आमचे दोन्ही चालू लिहिलेत ते चुकून," ते घाम पुसत सांगत होते. "एकमेकांशी पटत नाहीत म्हणजे मोठा बिघाड आहे हो! तीन माणसं तरी लागतील." त्यांच्या मागं अर्थशास्त्रवाले सतराच्या सतरा नादुरुस्त असल्याची कबुली द्यायला उभे होते, आणि ती द्यायला त्यांना मुळीच जड जात नव्हतं. मानसशास्त्राचे प्रमुख भंगारवाल्याचा पत्ता विचारत होते. फक्त गणितवाले आले नाहीत. त्यांच्याकडे काहीच बिघडलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना त्याचं दुःख झालं असं म्हणतात.

इतिहास विभागात दोघंच उरले होते. पद वाचल्याचा आनंद सरांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "काय भांडलीस गं!" ते म्हणाले. "ऐन वेळी काय सुचलं तुला! मलासुद्धा क्षणभर खरंच वाटलं."

छोट्या मॅडम वह्या आवरत होत्या, त्या थांबल्या. "खरंच होतं, सर. दुरुस्तीयोग्यचा नियम मला कुठे ठाऊक होता? पद तर गेलंच होतं. म्हटलं, जाता जाता एकदा बोलून तरी घ्यावं."

सर हळूहळू खुर्चीत बसले. "मग इतकी वर्षं का नाही बोललीस?"

"तुम्ही चांगले आहात ना, सर," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "वाईट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं, तेच कळत नाही."

सरांनी खणातून विभागाचा छापील कागद काढला आणि कुलसचिवांना लिहायला बसले: छोट्या मॅडमचं पद कायम करा, आणि मागल्या सहा वर्षांचे आदेश लेखी द्या. आयुष्यातलं पहिलं भांडणाचं पत्र. दोनदा खाडाखोड झाली, एकदा शाई सांडली. लिहून झाल्यावर त्यांनी ते तिच्यापुढं सरकवलं आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखं तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

तिनं पत्र पूर्ण वाचलं, डोळे पुसले आणि लाल पेन उचललं.

"सर, यात 'कृपया' तीनदा आलंय."

"सवयीनं आलं गं. एखादं राहू दे की?"

"एकही नको," छोट्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तिन्ही खोडली.